गर्भिणीचें ताट आणि शेतकऱ्याचा पहारा

गाय गाभण राहिली म्हणजे चांगला शेतकरी काय करतो, हें आमच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. विण्यापूर्वीं दोन महिने तो तिची धार आटवितो, तिला जादा खुराक सुरू करतो, बुरसलेली पेंड तिच्यापुढें टाकीत नाहीं, आणि तिला मिळणारें पाणी स्वच्छ आहे कीं नाहीं हें स्वतः पाहतो. पोटांतलें वासरूं व पुढील वेताचें दूध या दोहोंचा पाया याच दिवसांत घातला जातो, हें तो अनुभवानें जाणतो. परंतु त्याच घरांतील सून किंवा लेक गरोदर राहिली म्हणजे घरच्या मंडळींचा पहिला विचार तिनें काय खावें हा नसून तिनें काय खाऊं नये हा असतो. पपई बंद, अननस बंद, तीळ उष्ण म्हणून बंद, केळें थंड म्हणून बंद, अंडें तर विचारूंच नये. वर आणखी एक उपदेश: फार जेवूं नकोस, मूल मोठें होईल आणि बाळंतपण जड जाईल. गाभण गाईच्या दावणींत जो भर घालतो तोच मनुष्य गरोदर सुनेच्या ताटांतील घास कमी झालेला निमूटपणें पाहतो, ही विसंगति आम्हांस फार दिवस टोंचत आहे.

या विषयावर लिहिण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराच्या घरीं थोरली सून गरोदर होती. परसांतील पपईचें झाड फळांनीं लगडलेलें. चुकूनही तिच्या हातीं फळ जाऊं नये म्हणून घरच्यांनीं तें झाड मुळासकट तोडून टाकिलें. त्याच आठवड्यांत गोठ्यांतील एक गाय सातव्या महिन्यांत गाभडली. गड्यानें वार व मेलेलें वासरूं उघड्या हातांनीं उचलून उकिरड्यावर फेंकलें. गाय दुभती राहिली, आणि तिचें धारोष्ण दूध, पौष्टिक म्हणून, रोज सकाळीं पेला भरून त्या सुनेस देण्यांत येऊं लागलें. चार दिवसांनीं दुसऱ्या कामासाठीं आलेल्या पशुवैद्यांच्या कानांवर ही हकीकत गेली तेव्हां त्यांनीं तत्काळ तें दूध बंद करविलें व गाईचें रक्त तपासणीस नेलें. सुनेस कांहीं अपाय झाला नाहीं. ती सुखरूप बाळंत झाली. परंतु तिच्या सुखरूपपणाचें श्रेय त्या घराच्या शहाणपणास देतां येत नाहीं. ज्या फळापासून भय नव्हतें तें झाड तोडलें गेलें, आणि ज्या पेल्यांत खरें भय होतें तो पेला प्रेमानें हातीं दिला गेला.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. गरोदरपणांत अन्नापासून धोका नसतोच असें नाहीं. धोके आहेत आणि त्यांतील कांहीं प्राणघातक आहेत. परंतु ते तराजूंत घालून तोलले पाहिजेत. धोका किती वेळां संभवतो, ओढवला तर किती मोठा अनर्थ करतो, आणि तो टाळण्यास काय किंमत पडते, हे तीन प्रश्न प्रत्येक पदार्थाविषयीं विचारावे. असें तोलून पाहिलें म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, अर्धपोटीं राहणें हाच आमच्या बहुतेक घरांतला मोठा धोका आहे. दुसरी, खरे विषारी धोके बाईच्या जिभेवर नसून आमच्या गोठ्यांत, कोठारांत आणि विहिरींत आहेत; म्हणून पहारा तिच्या ताटावर नव्हे, आमच्या कारभारावर बसला पाहिजे.

प्रथम उपासमारीचें पारडें पाहूं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत या देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दर दोन गर्भिणींमागें एकीच्या रक्तांत पुरेसें तेज नाहीं. रक्तक्षयी स्त्रीस बाळंतपणांतील रक्तस्राव सोसत नाहीं, आणि तिचें मूल कमी वजनाचें व दिवस भरण्यापूर्वीं उपजण्याचा संभव वाढतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणें गर्भिणीस नेहमींच्या आहाराहून रोज सुमारें ३५० कॅलरी अधिक मिळाल्या पाहिजेत, आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनेंही रोज २२ ग्रॅम अधिक पाहिजेत. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर नेहमींच्या जेवणावर आणखी एक भाकरी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ आणि एक पेला दूध. ज्या घरीं शेतांतच तूर, हरभरा, मूग पिकतो व गोठ्यांत दुभतें आहे, तेथें ही मागणी मोठी नाहीं. ती पुरी होत नाहीं याचें कारण गरिबी नव्हे, रीत होय.

गरोदर बाईच्या ताटांत काय आहे यापेक्षां काय नाहीं हेंच पुष्कळदां घातक ठरतें, हा धडा मुंबईंतच जगास मिळाला आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. तेथील गरीब गर्भिणींस एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होत असे व त्यांत पुष्कळ स्त्रिया दगावत. हा कोणा जंतूचा प्रताप असावा अशी शंका होती. विल्सबाईंनीं त्या स्त्रियांचा आहार तपासला, प्रयोग केले, आणि १९३१ सालीं प्रसिद्ध केलें कीं यीस्टचा स्वस्त अर्क दिला असतां हा रोग बरा होतो. बाहेरून कांहीं विष आलें नव्हतें. आहारांत एक द्रव्य कमी होतें. पुढें १९४१ सालीं तेंच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक आम्ल असें नांव पडलें. आज सरकारी दवाखान्यांत गर्भिणीस लोहाबरोबर ज्या गोळ्या मिळतात त्या याच शोधाचें फळ होत. हिरव्या पालेभाज्या व कडधान्यें यांत तें द्रव्य असतें. आणि आमच्या कित्येक घरांत वातूळ म्हणून बंद होतात त्या नेमक्या याच वस्तु!

आतां पपईविषयीं. आमच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत कच्च्या पपईच्या चिकानें गर्भाशय आकुंचन पावतो असें दिसलें. परंतु पिकलेली पपई खाऊं घातलेल्या गाभण उंदरांस कांहीं अपाय झाला नाहीं. तात्पर्य, कच्ची व अर्धकच्ची पपई टाळावी, त्यांत कोणाचें कांहीं बुडत नाहीं. पूर्ण पिकलेल्या पपईचें भय धरण्यास आधार नाहीं. हेंच तोलण्याचें उदाहरण होय. एक पपई सोडल्यानें ताट रिकामें होत नाहीं. परंतु पपईबरोबर अंडें, कडधान्यें, केळें, पालेभाजी आणि ग्रहणाच्या दिवशीं अन्नपाणी अशी यादी वाढत गेली म्हणजे प्रत्येक काल्पनिक भयाची किंमत खऱ्या अन्नानें चुकवावी लागते. उपवासांच्या वारांचेंही असेंच. गर्भिणीस व्रतांतून मोकळीक देण्यास आमच्या धर्मानें कधींच हरकत घेतलेली नाहीं. हरकत घेते ती शेजारीण.

येथवर ज्या भयांचें पारडें हलकें आहे त्यांचा विचार झाला. आतां जड पारड्याकडे वळूं, आणि प्रारंभ गोठ्यापासूनच करूं.

गाय गाभडण्याचा जो सांसर्गिक रोग आहे त्याचे जंतु दुधांत उतरतात व निरसें दूध पिणाऱ्या मनुष्यास लांबत जाणारा, उलटून उलटून येणारा ताप आणतात. गर्भिणीस हा ताप आला तर गर्भपाताचाही धोका असतो. या रोगाचा इतिहास शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. माल्टा बेटावरील इंग्रज शिपायांस हा ताप फार येई. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें त्याचा जंतु शोधून काढला. परंतु तो येतो कोठून हें कळण्यास आणखी अठरा वर्षें लागलीं. १९०५ सालीं झमित या माल्टी डॉक्टरानें दाखविलें कीं वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधांतून हा रोग येतो. १९०६ सालीं शिपायांस तें दूध देणें बंद झालें आणि त्यांच्यांतील तापही झपाट्यानें खालीं आला. धडधाकट दिसणारें जनावर व ताजें दूध यांवर विश्वास ठेवून चालत नाहीं, हा त्या गोष्टीचा सारांश.

दुसरा जंतु लिस्टेरिया. याचा विशेष असा कीं तो थंडींतही वाढतो; शीतकपाटांत ठेवलेलें अन्न त्याच्यापासून सुरक्षित नसतें. निरोगी मनुष्यास तो क्वचितच त्रास देतो, परंतु गर्भिणीस तो लागण्याचा संभव इतरांच्या सुमारें दसपट असतो. तिला स्वतःस थोडा ताप व अंगदुखी एवढेंच होतें, आणि पोटांतील मूल मात्र दगावतें. १९८५ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजलिस येथें एका प्रकारच्या मऊ चीझमधून ही सांथ उद्भवली. १४२ रोग्यांपैकीं ९३ गर्भिणी किंवा त्यांचीं अर्भकें होतीं. ४८ जण दगावले, त्यांत २० गर्भ व १० नवजात बालकें होतीं. त्या चीझच्या कारखान्यांत कच्चें दूध नीट तापविल्यावांचून मिसळत असावें असा तपासाचा कल होता.

परंतु शेतकऱ्यांनीं अधिक लक्ष द्यावें अशी हकीकत कॅनडाची आहे. १९८१ सालीं त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांतांत याच रोगाची सांथ आली. ४१ रोगी सांपडले, त्यांतील ३४ गर्भिणी व अर्भकें यांशीं संबंधित होते. तपासाचा धागा कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत गेला, आणि कोशिंबिरीपासून एका शेतापर्यंत. तो शेतकरी मेंढ्या पाळी. त्याच्या दोन मेंढ्या याच रोगानें मेल्या होत्या. त्या कळपाचें खत, कांहीं कुजलेलें व कांहीं कच्चें, त्यानें कोबीस घातलें होतें. आणि तो कोबी हिवाळाभर थंड कोठींत ठेवून विकला होता. त्या शेतकऱ्यानें जाणूनबुजून कांहीं वाईट केलें नव्हतें. आपल्याकडेही मेंढरें बसविण्याची चाल आहे, आणि ती जमिनीच्या दृष्टीनें उत्तमच आहे. परंतु कोशिंबिरीचीं पिकें, म्हणजे कोबी, कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी यांस ताजें शेणखत किंवा लेंडीखत घालणें आणि गटाराचें पाणी देणें हें दूरच्या कोणा अनोळखी गर्भिणीच्या ताटांत विष वाढण्यासारखें आहे. खत पूर्ण कुजवूनच घालावें. घरांत गर्भिणी असतां तिच्यासाठीं भाजी शिजवावी, आणि कच्ची द्यावयाची तर ती चांगल्या पाण्यानें चोळून धुवावी व शक्य तर सोलावी.

आतां पाणी. कावीळ आणणारा एक विषाणु मैलामिश्रित पाण्यांतून पसरतो. त्यास हिपॅटायटिस ई म्हणतात. सामान्य मनुष्य यांतून बहुधा बरा होतो. शेंकडा एक किंवा त्याहूनही कमी दगावतात. परंतु शेवटच्या तीन महिन्यांतील गर्भिणींस तो झाला तर शेंकडा २० ते २५ पर्यंत स्त्रिया मृत्युमुखीं पडतात. एकाच पाण्यानें नवरा आठ दिवस अंथरुणांत राहून उठतो आणि बायको जाते. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीस यमुनेच्या पाण्यांत मैला मिसळून सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली, आणि तींत गर्भिणींचे मृत्यु विशेष झाले. या रोगाचा विषाणु प्रत्यक्ष दिसला तो मात्र १९८३ सालीं. हें दूरचें म्हणून कोणी सोडून देऊं नये. पंचगंगेच्या कांठच्या इचलकरंजी शहरांत २०१२ सालीं काविळीची अशीच मोठी सांथ येऊन गेली आहे. पावसाळ्यांत विहिरीस ओढ्याचें पाणी मिळतें, शौचकूप विहिरीजवळ असतो, नळाची वाहिनी गटारांतून जाते. हें सर्व आपण रोज पाहतों. विहिरीस कठडा बांधणें, शौचकूप दूर ठेवणें आणि गर्भिणीचें पाणी खळखळून उकळणें यांस जो खर्च येतो तो एका बैलाच्या झुलीइतकाही नाहीं.

तिसरें स्थान कोठार. बुरशी लागलेल्या भुईमुगांत व मक्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगानें मेले, तेव्हां शोध करतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत तें सांपडलें. आपल्या देशांत १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील खेड्यांत पावसानें भिजलेला, बुरसलेला मका खाऊन सुमारें ४०० माणसें यकृताच्या विकारानें आजारी पडलीं व शंभराहून अधिक दगावलीं. हें विष शिजविल्यानें जात नाहीं, भाजल्यानेंही पुरतें जात नाहीं. तें आईच्या रक्तांतून गर्भापर्यंत पोंचतें. आणि बुरसलेली पेंड गाईस घातली तर त्याचाच एक प्रकार दुधांत उतरतो. दूध उकळलें तरी तो तसाच राहतो.

येथें आमच्या घरोघरच्या एका रीतीविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. भुईमूग फोडून निवडला म्हणजे टपोरे दाणे बाजारांत जातात आणि सुरकुतलेले, काळवंडलेले, फुटके दाणे घरच्या कुटासाठीं राहतात. विष असतें तें बहुधा याच निवडून टाकलेल्या दाण्यांत. म्हणजे परक्यास निर्मळ माल आणि घरच्या गर्भिणीस वेंचून काढलेला! शेंगा आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवाव्या. शेंग कानाशीं हलविली असतां दाणा खुळखुळला पाहिजे. त्या मातीवर नव्हे, ताडपत्रीवर वाळवाव्या, आणि काळा पडलेला दाणा घरीं, गोठ्यांत किंवा घाण्यावर कोठेंही न पाठवितां मोडींत काढावा. नुकसान होईल खरें. परंतु तें मोजतां येण्यासारखें नुकसान आहे.

कोठारांतील दुसरें भय औषधांचें. धान्यांत घालण्यासाठीं बाजारांत ज्या पारद गोळ्या मिळतात त्यांत पारा असतो, आणि पारा गर्भाच्या मेंदूचा शत्रु आहे. धुरी देण्याच्या विषारी गोळ्या निजण्याच्या खोलींत किंवा तिच्या शेजारीं तर कधींच वापरूं नयेत. खाण्याचें धान्य कडक उन्हांत वाळवून हवाबंद कोठींत ठेवणें हाच सुरक्षित मार्ग. फवारणीचें औषध कालविण्यास, फवारलेल्या शेतांत निंदणीस आणि फवाऱ्याचे कपडे धुण्यास गर्भिणीस लावूं नये, हें निराळें सांगावयास नको होतें. परंतु अजून सांगावें लागतें.

हळदीविषयींही दोन शब्द, कारण हळद पिकविणारे पुष्कळ सभासद हें मासिक वाचतात. बांगला देशांत खेड्यांतील गर्भिणींच्या रक्तांत शिसें फार आढळलें, आणि त्याचें मूळ शोधतां शोधतां तें हळदींत निघालें. हळकुंडांस पिवळाधमक रंग यावा म्हणून पॉलिश करतांना व्यापारी त्यांत शिशाचा पिवळा रंग घालीत. २०१९ सालीं हें उघडकीस आल्यावर तेथील सरकारनें लोकांस सावध केलें, व्यापाऱ्यांस दंड केले, आणि त्या सालीं बाजारांतील तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकीं शेंकडा ४७ नमुन्यांत असलेली भेसळ २०२१ सालीं शून्यावर आली. दोन वर्षांत हें होऊं शकतें, यांत आशा आहे. ज्या अर्थीं गिऱ्हाईक चकाकीस भाव देतें त्या अर्थीं शेतकऱ्यानें चकाकी आणावी, हा युक्तिवाद येथें चालत नाहीं. शिसें आईच्या रक्तांतून मुलाच्या मेंदूंत जातें आणि तेथील नुकसान पुढें भरून निघत नाहीं.

आमच्यावर दोन आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. पहिला असा: आमच्या आज्या धारोष्ण दूध पीत, शिळी भाकरी खात, विहिरीचें पाणी तसेंच पीत, आणि त्यांनीं आठ आठ मुलें वाढविलीं. यावर आमचें उत्तर एवढेंच कीं ज्या वांचल्या त्यांच्या गोष्टी आपण ऐकतों; ज्या बाळंतपणांत गेल्या त्यांच्या गोष्टी सांगावयास कोणी राहिलें नाहीं. आठ मुलें वाढविणाऱ्या आजीस एकंदर किती झालीं होतीं, हें विचारून पाहावें.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. इतकीं भयें ऐकल्यावर बाईनें खावें तरी काय? दूध, भुईमूग, हळद, कोबी, पाणी, सर्वच घातक असेल तर बंद केलेलेंच बरें नव्हे काय? नव्हे. असें केलें तर पपईचें झाड तोडणाऱ्याचीच चूक आपण नव्या शास्त्राच्या नांवानें करूं. दूध सोडावयाचें नाहीं, उकळावयाचें. अंडें सोडावयाचें नाहीं, बलक घट्ट होईपर्यंत शिजवावयाचें. मांस व मासळी सोडावयाची नाहीं, आंतपर्यंत शिजवावयाची. शार्कसारखे मोठे शिकारी मासे तेवढे वर्ज्य, कारण त्यांत पारा सांचतो, आणि बांगडा, तारली यांसारखी लहान मासळी खुशाल खावी. शेंगदाणा सोडावयाचा नाहीं, चांगला निवडून द्यावयाचा. ज्या उपायास मूठभर इंधन व पाव घटका लागते आणि ज्यानें ताटांतला एकही घास कमी होत नाहीं, तो क्वचित् संभवणाऱ्या धोक्यासाठींही करावा. ज्या उपायानें ताट रिकामें होतें, तो करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आमच्या घरांत पुरुष व मुलें आधीं जेवतात आणि स्त्रिया शेवटीं, त्यांतही सून सर्वांच्या शेवटीं. तिच्या वांट्यास उरलेलें येतें, म्हणजे थोडें येतें. निवालेलें येतें, म्हणजे तासन् तास उघड्यावर राहिलेलें येतें. आणि सकाळचा भात संध्याकाळीं तिलाच संपवावा लागतो. निवालेल्या भातांत व भाजींत जंतु किती झपाट्यानें वाढतात हें ज्यास ठाऊक आहे त्यास दिसून येईल कीं या एकाच रीतींत दोन्ही धोके, उपासमार आणि दूषित अन्न, एकत्र आले आहेत. उपायही तितकाच सोपा: घरांत गर्भिणी असेल तर तिचें ताट पहिलें, आणि तें ऊनऊन. यास पैसा लागत नाहीं, डॉक्टर लागत नाहीं. लागतें तें घरधन्याचें एक वाक्य. सासूनें तें बोलावें अशी वाट न पाहतां त्यानेंच बोलावें.

याशिवाय संघाच्या प्रत्येक सभासदानें आपल्या घरीं व वाडींत पुढील गोष्टी कराव्या अशी आमची विनंति आहे. कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयांत सांसर्गिक गर्भपाताची लस टोंचून घ्यावी. २०१९ पासून केंद्र सरकारच्या योजनेंतून ती देण्यांत येते. गाय गाभडली तर वार व वासरूं हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरावें, गर्भिणीस त्या गोठ्यांत जाऊं देऊं नये, आणि पशुवैद्यास कळविल्याशिवाय तें दूध कोणासही देऊं नये. गर्भिणीस माती किंवा भिंतीचे पोपडे खाण्याचे डोहाळे लागले तर ते कौतुकानें पुरवूं नयेत. तें बहुधा रक्तक्षयाचें लक्षण असतें, म्हणून रक्त तपासून घ्यावें. लोहाच्या गोळ्यांनीं मळमळतें म्हणून त्या कोनाड्यांत पडूं देऊं नयेत. मिश्री व तंबाखू बंद करावी. आणि गर्भिणीस ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा मुलाची हालचाल कमी झाली, तर घरगुती काढ्यांत एक दिवसही न घालवितां तिला दवाखान्यांत न्यावें.

त्या बागाईतदारांच्या परसांत आतां पपईचें नवें रोप लावलेलें आम्हीं नुकतेंच पाहिलें. गोठ्यांतील त्या गाईचा रोग तपासणींत निश्चित झाला, आणि दूध तापविण्याची मोठी कासंडी चुलीवर आली. नात अंगणांत रांगत होती. पपईचें फळ तिच्या आईस पुढच्या वेळीं मिळेल न मिळेल. परंतु तिच्या पेल्यांतलें दूध उकळलेलें असेल, आणि आमच्या मतें हिशेब तेथूनच सुधारतो.